सहीसाठी अल ऐनला

आमच्या खाडीकाठच्या गावात घरटी एक माणूस तरी आखातात आहे. ते सगळे कामाला गेले. मी एका सहीसाठी गेलो आणि आठ दिवसांत परत आलो. आल्यापासून कॉलेजात, एस.टी. स्टँडवर, सलूनमध्ये एकच प्रश्न ऐकतो आहे, "काय सर, सोनं किती आणलंत?" विचारणाऱ्या त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. जे घडलं ते तसंच सांगतो. त्याचा अर्थ सांगणं माझ्या आवाक्यातलं नाही.

आधी थोडं घरचं सांगायला हवं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. वडील मालाच्या गलबतावर खलाशी होते. त्यांच्या डाव्या पायाची करंगळी नांगराच्या साखळीखाली जाऊन तुटली होती. मी आकडे शिकलो ते त्यांच्या पायाच्या बोटांवर. त्यामुळे पहिलीत गुरुजींनी दहापर्यंत म्हणायला सांगितलं, तेव्हा मी नवाला थांबलो आणि सगळा वर्ग हसला. मी आठवीत असताना वडील गेले ते परत आले नाहीत. त्यांचं गलबत मस्कतच्या पुढे कुणीतरी पाहिलं होतं, एवढीच शेवटची बातमी.

पुढे मी इंग्रजीचा प्राध्यापक झालो. माझ्या सरांनी निवृत्त होताना स्वतःच्या कपाटातली एक कादंबरी मला दिली. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खेड्याची गोष्ट. कातळ, दगडी गडगे, बटाट्याचे वाफे, खारा वारा आणि सुकवलेल्या काळ्या मातीच्या विटांवर पेटणारी चूल. पानं उलटताना मला वाटे, हे आमच्याच वाडीवर कुणीतरी लिहिलंय, फक्त भाताऐवजी बटाटे घातलेत. त्यात एका आईचा मुलगा बोटीने निघून जातो आणि त्याचं पत्र येत नाही. त्या गावची एक रीत आहे. जानेवारीच्या शेवटच्या दिवशी, एका संत बाईच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, चुलीतली राख हाताने सारखी करून ठेवायची आणि सकाळी तिच्यात काही उमटलं का ते बघायचं. पाऊल दाराकडे वळलेलं असेल तर घरातलं माणूस जाणार. आत वळलेलं असेल तर कुणी येणार. शेवटच्या पानावर त्या आईला राखेत पाऊल दिसतं. ते कुठे वळलंय हे लेखिका सांगत नाही. आई बघत राहते आणि मग चूल पेटवते. पुस्तक तिथे संपतं.

मी सहा वर्षं खपून त्याचं मराठी केलं. मराठी वाचक अधांतरी राहू नये म्हणून शेवटी एकच ओळ पदरची घातली: "मग तिने डोक्यावरून पाणी घेतलं." बाकी सगळं जसंच्या तसं.

पुण्याच्या प्रकाशकांनी पुस्तक घेतलं, पण लेखिकेच्या सहीचं संमतिपत्र मागितलं. ते मार्चच्या आत आलं नाही तर ते दुसरं पुस्तक हाती घेणार होते. लेखिका आता आखातात, अल ऐनला, प्राध्यापक मुलाकडे राहतात असं कळलं. त्यांचं नाव छापू नये अशी त्यांची अट आहे, म्हणून नुसतं ऊनाबाई म्हणतो. मी पत्र लिहिलं. उत्तर चार ओळींचं आलं, अक्षरं एकमेकांवर चढलेली. "मला आता दिसत नाही. जे ऐकलं नाही त्यावर मी सही करत नाही. येऊन वाचून दाखवा."

देरा

माझा जुना विद्यार्थी मंगेश तिकडे देऱ्यात, खाडीकाठच्या बाजारपेठेत, एका व्यापारी कचेरीत आहे. व्हिसापासून सगळं त्यानेच केलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. सहाजणांच्या खोलीत त्याने मला स्वतःचा पलंग दिला आणि स्वतः खाली झोपला. त्याआधी विमानतळावर माझ्या पिशवीतल्या आमसुलांनी घोळ केला होता. अधिकाऱ्याने ती काळी लाल सालं वर धरून हुंगली आणि चार माणसांना बोलावलं. शेवटी मी एक तोंडात टाकून चावून दाखवलं. माझा चेहरा आंबट झालेला बघून त्यांनी हसत सोडलं.

संध्याकाळी मंगेशने खाडीवर नेलं. धक्क्याला लाकडी गलबतं एकाला एक लागून उभी होती. फ्रीज, टायर, तांदळाची पोती. खलाशी कठड्यावर बसून जेवत होते. मी नकळत त्यांचे पाय बघत चाललो होतो. एका म्हाताऱ्याने पाय आखडून घेतले आणि हिंदीत विचारलं, "क्या ढूंढता है?" मी नजर वर उचलली आणि पुढे चालू लागलो.

"सर, चहा घ्या," मंगेश म्हणाला. "एक दिरहम. म्हणजे बारा रुपये. बारा रुपयांचा चहा पिताना मला अजून बाबांची शिवी ऐकू येते."

वाटेत

न्यायला ऊनाबाईंची गाडी आली. चालक इब्राहिमभाई, वय साठीच्या आसपास, गाव श्रीवर्धनकडे. मी मराठीत नमस्कार केला तसे ते खुलले.

"यल्ला सर, पुढं बसा. मागं बसलात तर मला साहेब वाटाल, मंग बोलायचं कसं?"

शहर संपलं आणि दोन्ही बाजूंना तांबूस वाळूच्या टेकड्या लागल्या. समुद्र पाहिलेल्या माणसाला वाळवंट नवं वाटत नाही, तशाच लाटा. पण आवाज नाही. वाऱ्याने वाळूची बारीक रेघ रस्त्यावरून सरपटत जात होती, धुरासारखी. एका ठिकाणी उंटाच्या पावलांची माळ टेकडीच्या पोटातून सरळ चढत जाऊन मध्येच संपली होती. पुढे उंट नव्हता, परतीची पावलंही नव्हती.

"तिकडं बगू नका," इब्राहिमभाई म्हणाले. "वारा पुसतो अर्धं. आमची मॅडम पण असंच बगत बसते."

"त्यांना तर दिसत नाही ना?"

"तेच तर." त्यांनी गाडीची काच वर केली. "तुम्ही बरोबर दिवशी आलात सर. उद्या नाय, परवा, महिन्याच्या आखरी दिवशी, तिची ती रात आहे. गेल्या साली मला म्हणाली, इब्राहिम, मागच्या दारातली वाळू सारखी कर. मी म्हटलं, मॅडम, नोकरीवरनं काढा, पण ह्यात हात घालणार नाय. तौबा. तवा ती स्वतः गुडघ्यावर बसून करत होती."

अल ऐन

अल ऐन शांत गाव आहे. खजुरीच्या बागा, मातीच्या भिंती, त्यांच्यामधून पाटाचं पाणी, आमच्या पोफळीच्या बागेत असतं तसंच. ऊनाबाईंचं बैठं घर एका बागेला पाठ लावून होतं. त्या दारात उभ्या होत्या. उंच, हाडकुळ्या, केस पांढरेशुभ्र. डोळे निळे, पण माझ्या खांद्यामागे कुठेतरी लागलेले.

मी 'मॅडम' म्हणताच त्यांनी हात वर केला. "आमच्या गावात शिकवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत आणि मला ऊना. तेवढं पुरे." मी मनातल्या मनात 'बाई' जोडून घेतलं. वयाने आईपेक्षा मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं मला जमलं नाही.

जेवायला सालासकट उकडलेले बटाटे होते, वर मीठ आणि लोणी. आम्ही रताळी खातो तसेच. बटाटा हातात घेऊन त्या अंगठ्याच्या नखाने साल काढत, डोळ्यांची गरजच नव्हती. इब्राहिमभाईंनी डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी पुढे केली. ऊनाबाईंनी ती बटाट्याबरोबर खाल्ली आणि म्हणाल्या, "ह्याने मला बिघडवलं." मी आमसुलाचं सार केलं. त्या वाटी दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसता वास घेत राहिल्या. टेबलावर चौथी बशी मांडलेली होती. त्यांचा मुलगा परदेशी परिषदेला गेला होता, तेव्हा ती त्याची असावी असं मी धरून चाललो. त्या बशीत त्यांनी एक बटाटा वाढला. तो कुणी खाल्ला नाही आणि उचललाही नाही.

वाचनाची पद्धत त्यांनीच ठरवली. मी मराठीत एक प्रकरण वाचायचं, त्या डोळे मिटून नाद ऐकणार. मग इब्राहिमभाईंनी काय ऐकलं ते त्यांच्या इंग्रजीत सांगायचं. "तुमच्यावर अविश्वास नाही, मास्तर. पण लिहिणारा स्वतःला काय वाटलं ते सांगतो. ऐकणारा काय पोचलं ते सांगतो."

एम.ए.ला मला पहिला वर्ग होता. माझी परीक्षा घ्यायला गाडी चालवणारा माणूस बसवला, याचं मला प्रथम वाईट वाटलं, हे कबूल करतो. पण इब्राहिमभाई तंतोतंत सांगत. गाढव चिखलात रुततं तो प्रसंग ऐकताना ते मध्येच ओरडले, "अरे शेपटी नको ओढू!" ऊनाबाईंनी अर्थ विचारला आणि कळल्यावर इतक्या हसल्या की खोकला लागला. "माझा चुलता अगदी हेच ओरडला होता."

दोन दिवस असं चाललं. दुसऱ्या दिवशी दुपार कलत असताना मी शेवटचं पान वाचलं. राख, पाऊल, पेटलेली चूल आणि माझी ओळ. इब्राहिमभाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"मॅडम, मदर सी फूट इन ॲश. देन बाथ. हेड बाथ." मग हलक्या आवाजात, "बॉय खलास."

ऊनाबाईंनी मिटलेले डोळे उघडले. "कोण खलास?"

"बॉय, मॅडम. आमच्याकडं हिंदू लोकांत मेल्याची खबर आली की अंघोळ करतात. अंघोळ म्हणजे खलास."

त्या माझ्याकडे वळल्या. पहिल्यांदाच त्यांचे डोळे नेमके माझ्यावर होते. "हे मी लिहिलेलं नाही. तो मेला हे तुम्हाला कुणी सांगितलं, मास्तर?"

मी वाचकांबद्दल काहीतरी बोलू लागलो. त्यांनी बोलू दिलं नाही.

"तो माझा धाकटा भाऊ आहे. गेला त्याला साठ वर्षं होतील. आई मरेपर्यंत रोज त्याच्यासाठी एक बटाटा वाढून ठेवायची. गावाने तिला किती समजावलं, एक प्रार्थना म्हणून टाक, मोकळी हो. ती नाही म्हणाली. मी पुस्तक लिहिलं ते एवढ्यासाठीच, की निदान कागदावर तरी त्याला कुणी पुरू नये. आणि तुम्ही एका ओळीत पुरलात. कुणाच्या परवानगीने?"

मग मी त्यांना जे सांगितलं, ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना थोरल्या काकांनी ठरवलं, आता पुरे झालं, विधी करून टाकू. देह नव्हता, म्हणून दर्भाचा माणूस करून जाळला. मग रीतीप्रमाणे पडवीत पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर टोपली पालथी घातली. गेलेला जीव कुठल्या रूपात गेला, त्याचं पाऊल सकाळी पिठात दिसतं असं म्हणतात. सकाळी काकांनी टोपली उचलली आणि म्हणाले, "कावळ्याचं पाऊल. सुटला." मी वाकून बघितलं. पीठ कोरं होतं. कसलीही खूण नव्हती. काकांनी मला विचारलं, "दिसतंय ना रे? तू शिकलेला." माझ्या शिक्षणाचा खर्च काका करत होते. मी म्हटलं, "हो, दिसतंय." आईने एकदा पिठाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग ती न्हाणीत गेली आणि पाणी ओतल्याचा आवाज आला. त्या दिवसापासून तिचं कपाळ मोकळं आहे. माझ्या एका 'हो'वर.

"मग ती ओळ तुमच्या आईची आहे," ऊनाबाई म्हणाल्या. "ती माझ्या आईच्या तोंडावर ओतू नका."

मी पेन काढलं आणि ओळ खोडली. इब्राहिमभाईंनी "खोडली, मॅडम" म्हणून साक्ष दिली. मला वाटलं, आता सही होईल.

"सही उद्या. आज माझी संध्याकाळ आहे आणि गुडघे चालत नाहीत. वाळू तुम्ही सारखी करा. सकाळी जे असेल तेच सांगा. काही नसेल तर काही नाही म्हणा. मला दिसत नाही, म्हणून तुमचंच ऐकावं लागणार आहे. ते मला ऐकू द्या, मग बघू."

स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून खजुरीच्या रांगेपर्यंत दोन हात रुंद वाळूचा पट्टा होता. इथे चूल नाही, राख नाही, म्हणून त्यांनी वाळू धरली होती. सूर्य डोंगराआड चालला असताना मी झावळीच्या खराट्याने झाडांपासून दाराकडे मागे सरकत वाळू पुसत आणली. शेवटचा हात उंबऱ्यावर बसून फिरवला. वाळू पिठासारखी दिसू लागली. मला हात काढून घ्यावासा वाटला. दार मी आतून लावलं. कडी मीच घातली, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

सकाळ

उठलो तेव्हा खिडकीबाहेर काही नव्हतं. धुकं. वाळवंटात एवढं धुकं पडतं हे मला माहीत नव्हतं. खजुरीची झाडं कमरेपासून वर नाहीशी झाली होती. बांगेचा आवाज चारी बाजूंनी आल्यासारखा वाटला. ऊनाबाई स्वयंपाकघरात बसूनच होत्या, शाल पांघरून, मागच्या दाराकडे तोंड करून.

मी कडी काढली.

वाळू दवाने काळसर झाली होती. सगळा पट्टा कोरा, माझ्या खराट्याच्या रेघासुद्धा जागच्या जागी. आणि उंबऱ्यापासून हातभर अंतरावर एक पाऊल. अनवाणी. एकच. त्याच्या आधीचं नाही, नंतरचं नाही. टाच झाडांकडे, बोटं घराकडे.

मला काकांचा आवाज ऐकू येत होता, दिसतंय ना रे?

"मास्तर?"

"आहे," मी म्हणालो. "एक आहे. आत वळलेलं."

त्यांनी शाल घट्ट धरली. "कुठला पाय?"

"डावा."

इब्राहिमभाई धुक्यातून फाटकाकडून आले आणि पट्ट्याच्या कडेला थबकले. "सर, माझं नाय. कसम. बगा." त्यांनी चप्पल काढून आपला पाय बाजूला हवेतच धरला. वाळूतल्या पावलापेक्षा तो बराच आखूड होता. ते पुटपुटत आयत म्हणू लागले.

"नीट सांगा," ऊनाबाई म्हणाल्या. "बोटं मोजा."

मी उंबऱ्यावर ओणवा झालो. अंगठा खोल उमटला होता. मी मोजलं. पुन्हा मोजलं. लहानपणी मोजत होतो तसं, एकेका बोटावर बोट धरून, वाळूला न लागता.

"चार," मी म्हणालो. "करंगळीची जागा कोरी आहे."

ऊनाबाईंच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसूही म्हणता येणार नाही, दुःखही.

"मग तो माझ्याकडचा नाही, मास्तर. माझ्या भावाची पाचही शाबूत होती."

मी तसाच ओणवा होतो. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. टेबलाला हात लावत लावत त्या आल्या आणि त्यांचा थंड हात माझ्या डोक्यावर टेकला. वडिलांच्या बोटाबद्दल मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही.

ऊन वर आलं, धुकं फाटलं आणि वाळू सुकली. सुकली तशी कडा ढासळली आणि थोड्या वेळाने तिथे नुसता खळगा राहिला. एखादा माळी भिंतीवरून आला असेल, ओल्या वाळूला माझ्या डोळ्यांनी आकार दिला असेल. सुशिक्षित माणसाने म्हणावं असं सगळं मी स्वतःला म्हणून बघितलं आहे. ऊनाबाईंनी संमतिपत्रावर सही केली, पट्टी धरून, ओळ चुकू नये म्हणून. निघताना म्हणाल्या, "तुमचं 'आहे' मी ऐकलं. काही नसतं, तर 'नाही'सुद्धा असंच म्हणाला असतात."

इब्राहिमभाईंनी गाडीने देऱ्यापर्यंत सोडलं. मी उतरताना म्हणाले, "सर, घरी आई आहे ना? सांगा तिला. असली गोष्ट पोटात ठेवू नये."

घरी

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात कुळीथ पाखडत होती. तिच्यासाठी खजूर आणले होते, ते तिने उन्हात धरून बघितले आणि एक खाल्ला. मी तिच्याजवळ पायरीवर बसलो आणि आधी पिठाचं सांगितलं. मला काही दिसलं नव्हतं, मी खोटं बोललो. मग वाळूचं सांगितलं.

तिचं सूप थांबलं. "आत वळलेलं?"

"आत."

"डावा?"

"डावा."

ती समोरच्या न्हाणीकडे बघत राहिली. पत्र्याच्या दारावर ऊन पडलं होतं.

"तुझं खोटं मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तुझी फी भरायची होती. मी काय बोलणार?" तिने दोन खडे वेचून बाजूला टाकले. "पण मी त्या दिवशी न्हाले नाही रे. कपाळ पुसलं, ते लोकांसाठी. पाणी नुसतं दगडावर ओतलं. कळशीभर. बाहेर सगळे आवाज ऐकत उभे होते ना, म्हणून."

आणि तिने सूप पुन्हा हलवायला घेतलं.